क्रूझवरील टिप : ती भाड्यातच का नसते, आणि कापून घेतलेली रक्कम नेमकी कोणाला मिळते?

रेवातीर

आम्ही कुटुंबातील चौघे प्रथमच मोठ्या क्रूझवर सात रात्रींसाठी जाण्याचा बेत करीत आहोत. भाड्यांची तुलना करून जहाज ठरवले, केबिन निवडली, आणि पैसे भरण्याच्या टप्प्यावर ‘क्रू ग्रॅच्युइटी’ (कर्मचाऱ्यांसाठीची टिप) या नावाची एक वेगळीच रक्कम समोर आली. ती आत्ताच भरा किंवा जहाजावर रोज तुमच्या खात्यातून वजा होऊ द्या, असे दोन पर्याय होते. अटींमध्ये खोलवर गेल्यावर असेही आढळले, की ही रक्कम ऐच्छिक असून जहाजावरच्या गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर सांगून ती कमी करता येते किंवा पूर्णपणे काढूनही टाकता येते. माणशी रोज १८ डॉलर धरले, तरी चौघांचे सात रात्रींचे ५०४ डॉलर होतात. ही काही चिल्लर नव्हे.

पैसे द्यायला माझी हरकत नाही. जे लोक आमच्यासाठी राबणार आहेत त्यांना ते मिळावेत, एवढीच इच्छा आहे. परंतु ऐच्छिक म्हणायचे आणि आपोआप कापून घ्यायचे, हा प्रकार मला समजलेला नाही. ही रक्कम खरोखर कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचते का, ती काढून टाकून हातात रोख देणे अधिक योग्य ठरते का, आणि याशिवाय आणखी कोणाकोणाला काय द्यायचे असते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मुशाफिर

आधी आकड्यांबद्दल लिहितो, कारण तिथेच बहुतेकांची गफलत होते. अमेरिकी प्रवाशांवर चालणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा दर अलीकडच्या काळात माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलरच्या आसपास आहे, आणि ‘सूट’ म्हणजे मोठी आलिशान केबिन घेतल्यास त्यावर आणखी दोन ते पाच डॉलर चढतात. हा दर केबिनमागे नसून माणशी असतो, त्यामुळे आईवडिलांच्याच केबिनमध्ये वरच्या खाटेवर झोपणाऱ्या मुलाचेही मोठ्या माणसाइतकेच पैसे लागतात. अगदी तान्ह्या मुलांना काही कंपन्या वगळतात, काही वगळत नाहीत. दर वाढण्याची घोषणा झाली, की ठरावीक तारखेच्या आत आगाऊ भरणाऱ्यांना सहसा जुनाच दर लागू राहतो. आगाऊ भरण्याचा खरा फायदा एवढाच.

हे झाले रोजचे शुल्क. त्याखेरीज बारमधील प्रत्येक पेयावर, पैसे मोजून जेवायच्या खास रेस्टॉरंटमध्ये आणि स्पामध्ये १८ ते २० टक्के सेवाशुल्क आपोआप लागते, आणि त्याचा रोजच्या शुल्काशी काहीही संबंध नसतो. पेयांचे पॅकेज ‘मोफत’ देणाऱ्या काही कंपन्या त्या पॅकेजच्या मूळ किमतीवर हे टक्के मात्र वसूल करतात, तेव्हा मोफत म्हणजे किती मोफत ते आधी पाहून घ्यावे.

बारची पावती तर मुद्दाम थांबून वाचण्यासारखी असते. वर पेयाची किंमत, तिच्याखाली लावलेले १८ टक्के, मग बेरीज, आणि त्यानंतर ‘अतिरिक्त टिप’ अशी एक रिकामी ओळ व तिच्याखाली पुन्हा बेरजेची रिकामी जागा. गप्पांच्या ओघात सही करणाऱ्या माणसाला वरचे १८ टक्के दिसत नाहीत, रिकामी ओळ तेवढी दिसते, आणि तो भिडेपोटी तिथे आणखी एक आकडा लिहितो. ती ओळ निःसंकोचपणे रिकामी सोडावी आणि खालच्या जागेत वरचीच बेरीज उतरवून सही करावी.

सडेतोड

मी ती रोजची रक्कम पहिल्याच दिवशी काढून टाकायला लावतो आणि उतरण्याच्या आदल्या दिवशी केबिन स्टुअर्डला (केबिनची साफसफाई करणाऱ्याला) व आमच्या वेटरला रोख देतो. माझी भूमिका अशी आहे, की कर्मचाऱ्याचा पगार देणे हे मालकाचे काम असून ते प्रवाशाच्या माथी मारण्याचा मालकाला अधिकार नाही. कोणी किती चांगली सेवा दिली हे मी ठरवणार, आणि त्याप्रमाणे मी देणार. सेवा घेण्याच्या आधीच, न पाहिलेल्या माणसांसाठी, कंपनीने ठरवलेल्या दराने पैसे भरायचे, तर त्याला टिप कशासाठी म्हणायचे? तो सरळसरळ भाड्याचा दडवलेला भाग आहे, आणि दडवलेले भाडे मी देत नाही.

शिंपली

सडेतोड यांच्या पहिल्या वाक्याबद्दल आक्षेप आहे, दुसऱ्याबद्दल नाही. मीही पूर्वी रोख पैशांची पाकिटे देत असे, परंतु आता ते पुरेसे वाटत नाही, कारण पाकीट ज्याच्यापर्यंत पोहोचते तो आपल्याला दिसणारा माणूस असतो. न दिसणाऱ्यांचे काय?

खारा वारा

मी काही वर्षे एका मोठ्या क्रूझ कंपनीत आधी असिस्टंट वेटर आणि नंतर वेटर म्हणून काम केले आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, आणि पद्धती थोड्याफार फरकाने सगळीकडे सारख्याच आहेत, म्हणून त्याची गरजही नाही.

शेवटच्या रात्री पाकिटे देण्याची पद्धत ज्या काळात होती, त्या काळात प्रवाशाचे जेवणाचे टेबल, वेळ आणि वेटर हे सगळे पूर्ण सफरीसाठी ठरलेले असे. सातही रात्री तोच वेटर, तोच असिस्टंट वेटर आणि तोच हेड वेटर. साहजिकच कोणाला पाकीट द्यायचे हा प्रश्नच पडत नसे. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ नावाने कोठेही, केव्हाही जेवण्याची पद्धत आणली, आणि पुढे इतर कंपन्यांनीही आपापल्या परीने ती स्वीकारली. आज एका रेस्टॉरंटमध्ये, उद्या दुसऱ्या, परवा बफे, अशी प्रवाशाची फिरती सुरू झाल्यावर पाकीट कोणाच्या हातात ठेवणार? रोजचे ठरावीक शुल्क सर्वत्र पसरले त्यामागे हे एक मोठे कारण आहे. कंपन्यांचा स्वार्थ त्यात होताच, पण केवळ तोच होता असे म्हणता येणार नाही.

आता हे पैसे कोणाला मिळतात ते सांगतो. सर्व प्रवाशांचे रोजचे शुल्क एका सामाईक गल्ल्यात जाते, आणि ठरलेल्या प्रमाणात त्याचे वाटे पडतात. केबिन स्टुअर्ड आणि त्याचा मदतनीस, वेटर, असिस्टंट वेटर, हेड वेटर यांचे वाटे मोठे असतात. बफेतल्या ताटल्या उचलणारे, आणि काही कंपन्यांत धुलाईखात्यातले व भटारखान्यातलेही लोक त्यात लहान वाट्याचे धनी असतात. धुलाईखाते पाण्याच्या पातळीखालच्या मजल्यावर असते. तिथला माणूस दिवसभर चादरी आणि टॉवेल यांच्या घड्या घालणाऱ्या यंत्रासमोर उभा असतो, आणि आख्ख्या करारात त्याची एकाही प्रवाशाशी गाठ पडत नाही. पाकिटाच्या काळात त्याला कोणी काही दिल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

सडेतोड यांनी रोख देण्याबद्दल लिहिले आहे, त्याबद्दल एक बाब त्यांना माहीत असावी. मी होतो त्या जहाजावर, ज्या केबिनने रोजचे शुल्क काढले असेल तिचा क्रमांक आमच्या हेड वेटरकडे येत असे, आणि त्या केबिनकडून मिळालेली रोख रक्कम आम्हाला सामाईक गल्ल्यात जमा करावी लागे. ज्या केबिनने शुल्क तसेच ठेवले आहे, तिने वर दिलेली रोख मात्र पूर्णपणे आमची असे. म्हणजे शुल्क काढून माझ्या हातात ठेवलेल्या साठ डॉलरपैकी माझ्याकडे माझा वाटा तेवढा राही, आणि शुल्क न काढता दिलेले दहा डॉलर पूर्ण माझे होत. ज्याचे भले करायचे असे मनात धरून तुम्ही काउंटरवर जाता, त्याच्या हाती अशा रीतीने कमीच पडते.

सडेतोड

खारा वारा, माहितीबद्दल आभार. परंतु यावरून माझाच मुद्दा सिद्ध होतो. प्रवाशाने एखाद्या माणसाला खुशीने दिलेले पैसे कंपनीच्या नियमाने काढून घेतले जातात, हे तुम्हाला योग्य वाटते का? आणि मूळ प्रश्न राहतोच : कंपनी स्वतःच्या खिशातून त्या माणसाला किती देते?

खारा वारा

माझ्या करारात दोन आकडे होते. एक मूळ वेतनाचा, आणि तो फारच लहान होता. दुसरा हमी वेतनाचा. गल्ल्यातून येणारा वाटा मूळ वेतनात मिळवून बेरीज हमीच्या आकड्यापर्यंत पोहोचली नाही, तर उरलेली भर कंपनी घाली, आणि त्याच्या वर गेली, तर वरचे पैसे माझे. त्यामुळे जहाज भरलेले असताना महिना बरा जाई. अर्ध्या केबिन रिकाम्या असल्या, किंवा शुल्क काढून टाकणारे प्रवासी एखाद्या सफरीत जास्त निघाले, तर महिना हमीपाशीच अडकून राही. याचा दुसरा अर्थ असा, की प्रवाशांनी भरलेल्या पैशांतून सर्वांत आधी कंपनीची हमीची जबाबदारी फिटते, आणि मग आमची कमाई सुरू होते. हे योग्य आहे असे मी म्हणणार नाही. पण त्यावर उपाय म्हणून शुल्क काढणारा प्रवासी कंपनीचे नुकसान करतो की माझे, एवढेच मला दाखवून द्यायचे होते.

शेवटच्या संध्याकाळी गेस्ट सर्व्हिसेसपुढे जी रांग लागते, तीत बिलाच्या तक्रारींइतकेच शुल्क काढायला आलेलेही असतात. काउंटरवरची मुलगी कारण विचारते, कारण तिला एक रकाना भरायचा असतो. ती वाद घालत नाही, कारण तिला तशी सूचना असते. सेवेबद्दल खरी तक्रार असेल, तर ती शेवटच्या रात्री या रांगेत सांगण्यात काहीच अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी सांगितली तर सुधारणा होऊ शकते, आणि एका माणसाची चूक दोनशे माणसांच्या वाट्यातून वसूल होत नाही.

रेवातीर

हे सर्व वाचून माझा गोंधळ एका बाबतीत कमी झाला आणि दुसऱ्या बाबतीत वाढला. हा जर प्रत्यक्षात पगारच असेल, तर तो भाड्यात मिळवून एकच आकडा का दाखवत नाहीत? आणि एवढ्या मोठ्या कंपन्यांना किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही का?

ताळेबंद

रेवातीर, तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जहाज कोणत्या बंदरातून सुटते यावर त्यावरील कामगार कायदा ठरत नाही, तर जहाजाची नोंदणी कोणत्या देशात झाली आहे यावर तो प्रामुख्याने ठरतो. मोठ्या क्रूझ जहाजांपैकी बहुतेकांची नोंदणी बहामास, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टा इथे झालेली आढळेल. खुद्द कंपन्यांची नोंदणीही अशीच दूरची असते. रॉयल कॅरिबियनची लायबेरियात आहे आणि कार्निव्हल कॉर्पोरेशनची वर्षानुवर्षे पनामात होती. अमेरिकेचा किमान वेतनाचा संघीय कायदा, परदेशी ध्वजाच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजावर काम करणाऱ्या खलाशांना स्पष्ट शब्दांत वगळतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये असाही निकाल दिला, की परदेशी ध्वजाच्या जहाजावरील परदेशी कर्मचाऱ्यांना अमेरिकेचा कामगार संघटनाविषयक कायदा लागू होत नाही. याला ठळक अपवाद म्हणजे हवाई बेटांभोवती फिरणारे ‘प्राइड ऑफ अमेरिका’ हे जहाज. त्यावर अमेरिकी ध्वज असल्यामुळे कर्मचारीही मुख्यतः अमेरिकी आहेत आणि त्यांना तिथले कामगार कायदे लागू आहेत.

मग बाकीच्यांना काहीच संरक्षण नाही का? आहे, आणि त्याचे नाव आहे सागरी कामगार करार, २००६. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा हा करार २० ऑगस्ट २०१३ रोजी अमलात आला. वेटर, स्टुअर्ड, आचारी हे सगळे त्याच्या दृष्टीने खलाशीच आहेत. वेतन निदान महिन्याला एकदा मिळाले पाहिजे, घरी परतण्याचा खर्च जहाजमालकाने केला पाहिजे, नोकरी मिळवून देण्यासाठी खलाशाकडून दलाली घेता कामा नये, अशा तरतुदी त्यात आहेत. कामाच्या तासांवरही मर्यादा आहे. परंतु ती कोणत्या आकड्यावर आहे ते पाहा. कोणत्याही २४ तासांत जास्तीत जास्त १४ तास काम आणि आठवड्यात जास्तीत जास्त ७२ तास काम, किंवा त्याऐवजी २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती, यांपैकी एक पर्याय देशाने निवडायचा असतो. ७७ तास विश्रांती म्हणजे आठवड्याला ९१ तासांपर्यंत काम कायदेशीर ठरू शकते. वेतनाबद्दल एक किमान आकडाही ठरवला जातो, आणि १ जानेवारी २०२५ पासून तो महिन्याला ६७३ अमेरिकी डॉलर होता. मात्र तो कुशल डेक-खलाशाचा मूळ पगार असून शिफारशीच्या स्वरूपाचा आहे, वेटरसाठी ठरवलेला बंधनकारक दर नव्हे. एवढ्या सैल चौकटीत कंपनी मूळ वेतन लहान ठेवून बाकीचा भार प्रवाशांच्या शुल्कावर टाकू शकते, आणि टाकते.

आता एकच आकडा का दाखवत नाहीत, याबद्दल. प्रवासी जहाजे निवडताना सर्वप्रथम भाडे पाहतो, आणि शोधाच्या यादीत ज्याचे भाडे कमी ते वर दिसते. शुल्क भाड्यात मिळवणारी कंपनी त्या यादीत एका झटक्यात महाग दिसू लागते, म्हणून पहिले पाऊल कोणीच उचलत नाही. शुल्क ऐच्छिक ठेवण्याचा कायदेशीर फायदाही आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून, ग्राहकाला भरावेच लागणारे शुल्क जाहिरातीतल्या किमतीतच दाखवले पाहिजे असा कायदा लागू झाला. तेव्हा मोठ्या क्रूझ कंपन्यांनी कर आणि बंदर शुल्क जाहिरातीच्या भाड्यात मिळवून दाखवायला सुरुवात केली, परंतु टिप बाहेरच राहिली, कारण ती काढून टाकता येते. याच्या उलट उदाहरण जर्मनीचे आहे. तिथल्या सर्वोच्च संघीय न्यायालयाने २०१५ मध्ये एका क्रूझच्या जाहिरातीबद्दल निकाल देताना सांगितले, की प्रत्येक रात्रीसाठी अनिवार्यपणे आकारले जाणारे सेवाशुल्क जाहिरातीतल्या एकूण किमतीत धरलेच पाहिजे. हे दोन दाखले शेजारी ठेवले, म्हणजे गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर शुल्क काढण्याची सोय इतक्या उदारपणे का ठेवली आहे, ते लक्षात येते. ती सोय प्रवाशाच्या स्वातंत्र्यासाठी कमी आणि जाहिरातीतल्या आकड्यासाठी अधिक आहे, असे माझे मत आहे.

सडेतोड

ताळेबंद यांनी जे लिहिले त्यातील अक्षर न् अक्षर मला मान्य आहे, आणि म्हणूनच माझा प्रश्न अधिक टोकदार होतो. शुल्क दर एक-दोन वर्षांनी वाढते. त्याच काळात अनेक मोठ्या कंपन्यांनी साध्या केबिनची दिवसातून दोनदा होणारी साफसफाई एकदाच केली. पूर्वी संध्याकाळी स्टुअर्ड येऊन पलंग नीट करून, दिवा मंद करून जात असे. ते बंद झाले. सेवा निम्मी आणि शुल्क वाढीव, आणि तरीही मी ते निमूटपणे भरावे, हा आग्रह कशासाठी?

खारा वारा

कारण दोनदाची फेरी एकदा केल्यावर स्टुअर्डचे काम निम्मे झाले नाही. बहुतेक ठिकाणी त्याच्याकडे पूर्वीपेक्षा अधिक केबिन दिल्या गेल्या. सफर संपते त्या दिवशी तर सकाळी एक जहाजभर लोक उतरतात आणि दुपारपर्यंत दुसरे जहाजभर लोक चढतात. मधल्या काही तासांत प्रत्येक केबिनच्या चादरी बदलायच्या, स्नानगृह घासायचे, विसरलेल्या वस्तूंची नोंद करायची, आणि गाद्या नव्या प्रवाशांच्या मागणीप्रमाणे जोडायच्या किंवा सुट्या करायच्या. करार सहा ते नऊ महिन्यांचे असतात, आणि त्या काळात पूर्ण दिवसाची साप्ताहिक सुट्टी नसते. बंदरात मिळाले तर काही तास मिळतात. फेरी कमी करण्याचा निर्णय त्याने घेतला नव्हता. तुमचा राग रास्त आहे, पण ज्याच्यावर तो निघतो तो माणूस चुकीचा आहे.

शिंपली

इथे चर्चा जणू दोनच वाटा आहेत अशी चालली आहे, म्हणून तिसरीबद्दल लिहिते. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने मे २०१९ पासून रोजचे टिप शुल्क बंद केले. त्याच देशातील मरेला आणि जर्मनीतील टुई क्रूझेस व आयडा यांच्या भाड्यात टिप धरलेलीच असते. महागड्या जहाजांपैकी सिल्व्हरसी, सीबॉर्न आणि रीजंट यांचेही तसेच आहे. अशा एका जहाजावरून मी प्रवास केला आहे, आणि टिपेची आशा नसेल तर वेटर हयगय करील, ही भीती मला तरी निराधार वाटली. उलट एक मोकळेपणा जाणवला. केबिनचे दार उघडून स्टुअर्डशी बोलताना मनात हिशेब नसतो, आणि त्याच्याही चेहऱ्यावर अखेरच्या दिवसाचे ते अवघडलेले हसू नसते.

त्यामुळे ज्यांना ही पद्धत तत्त्वतः मान्य नाही, त्यांनी तिकीट काढतानाच तसे जहाज निवडावे. तिथे तुमच्या नापसंतीचा कंपनीच्या धंद्यावर परिणाम होतो. काउंटरवर शुल्क काढल्याने होत नाही. भाडे वर जाईल हे उघड आहे, पण ते आधी दिसेल.

सडेतोड

हा मुद्दा मात्र मी गांभीर्याने घेतो. शिंपली यांनी दिलेली नावे पाहून ठेवीन. तरीही, पुढच्या वेळी शुल्क चालू असलेल्याच जहाजावर जाण्याची वेळ आली, तर मी ते काढणार नाही असे वचन देत नाही.

ताळेबंद

वचन कोणी मागितलेले नाही. फक्त एक हिशेब मांडतो : प्रवाशाने ५०४ डॉलर काढून घेतले आणि दोन माणसांना मिळून दीडशे रोख दिले, तर उरलेले ३५४ डॉलर कर्मचाऱ्यांच्या बाजूने कमीच झाले. रोख देणे अधिक न्याय्य आहे असे म्हणणाऱ्यांपैकी पूर्ण ५०४ डॉलर वाटणारे किती असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

रेवातीर

माझा निर्णय झाला आहे. आम्ही रक्कम आगाऊ भरून टाकतो. आता फक्त व्यावहारिक बाजू राहिली आहे. आमच्यासोबत माझे सासरे असतील. त्यांना चालायला त्रास होतो, त्यामुळे चढता-उतरताना व्हीलचेअर लागेल आणि जेवणही बहुधा केबिनमध्येच मागवावे लागेल. अशा वेळी कोणाला वेगळे द्यायचे असते? आणि मुलांच्या क्लबमध्ये जे शिक्षक असतात त्यांचे काय?

मुशाफिर

तुमच्या गरजेपुरते सांगतो. बंदरावर सामान उचलणारे हमाल जहाजाचे कर्मचारी नसतात, ते बंदराचे किंवा तिथल्या कंत्राटदाराचे असतात, आणि गल्ल्यातला वाटा त्यांना मिळत नाही. अमेरिकी बंदरांवर बॅगेमागे एक-दोन डॉलर देण्याची रीत आहे. व्हीलचेअर ढकलणारा मदतनीसही अनेकदा बंदराकडचाच असतो, त्याला पाच-दहा डॉलर द्यावेत. केबिनमध्ये जेवण आणून देणाऱ्याला दोन-तीन डॉलर हातात ठेवावेत. काही कंपन्या खोलीतल्या जेवणावर वेगळे शुल्क किंवा टक्के लावतात, तेव्हा तिथेही पावती पाहूनच द्यावे. बंदरावर उतरून सहलीला गेलात, तर तिथला गाइड आणि बसचालक हेही स्थानिक असतात, त्यांचे वेगळे. सूटमध्ये बटलर असेल, तर तो तुमच्या कंपनीच्या रोजच्या शुल्कात धरलेला आहे की नाही, हे अटींत पाहावे, कारण याबाबत कंपन्यांमध्ये एकवाक्यता नाही.

कॅप्टन, इतर अधिकारी आणि जहाजावरचे डॉक्टर यांना टिप देऊ नये. त्यांना ते अवघड होते.

खारा वारा

मुलांच्या क्लबमधील कर्मचाऱ्यांना गल्ल्यातून वाटा सहसा नसतो, आणि त्यांना रोख घेण्याची परवानगी आहे की नाही हे कंपनीवर अवलंबून असते. विचारून पाहायला हरकत नाही. मात्र पैशांखेरीज एक गोष्ट अशी आहे, जी तिथल्या माणसाला फार उपयोगी पडते आणि जिच्याबद्दल प्रवाशांना कल्पना नसते. सफर संपल्यावर कंपनी अभिप्रायाचा अर्ज पाठवते. त्यात ‘सेवा उत्तम होती’ असे मोघम लिहू नका. छातीवरच्या पट्टीवर नाव असते, ते उतरवून घ्या, आणि नाव, विभाग, त्याने नेमके काय केले हे दोन ओळींत लिहा. आमच्याकडे अशा नावानिशी आलेल्या अभिप्रायांची नोंद ठेवली जाई, आणि पुढचा करार, बढती, चांगले टेबल मिळणे हे सगळे ठरताना ती नोंद काढली जाई. असिस्टंट वेटरचा वेटर होताना माझ्या बाजूने अशीच काही कार्डे होती.

सासऱ्यांसाठी म्हणाल, तर पहिल्याच दिवशी स्टुअर्डला त्यांच्या अडचणीची कल्पना द्या आणि थोडे रोख द्यायचे असेल, तर तेव्हाच द्या. शेवटच्या दिवशी दिलेले पैसे कृतज्ञतेचे असतात हे खरे, पण पहिल्या दिवशी दिले तर स्नानगृहाजवळची खुर्ची, जादा उशा आणि दारापाशी ठेवलेली व्हीलचेअर यांची आठवण पुन्हा करावी लागत नाही.

रेवातीर

एक अखेरची शंका. आगाऊ भरलेले शुल्क असूनही जहाजावरच्या खात्यात चुकून पुन्हा रोजचे शुल्क लागले, तर काय करायचे?

मुशाफिर

आगाऊ भरल्याची पावती छापून किंवा फोनमध्ये साठवून सोबत ठेवा, कारण समुद्रात नेट मिळेलच असे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनमधल्या टीव्हीवर, कंपनीच्या अॅपवर किंवा गेस्ट सर्व्हिसेसकडे खाते तपासा. शुल्क दोनदा लागले असेल, तर त्याच दिवशी पावती दाखवून दुरुस्त करून घ्या. दुपारच्या जेवणाच्या वेळेत काउंटरवर फारशी रांग नसते.